खेळाच्या थेट प्रक्षेपणात ती धावसंख्येची पट्टी चिकटवतात तरी कुठे?

लेगबाय | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, गेले पंधरा दिवस एक किडा डोक्यात वळवळतोय, तो इथे सोडतो.

सामना बघताना खाली धावसंख्येची पट्टी असते. कॅमेरा बदलतो, चेंडू आकाशात जातो, प्रेक्षकांत झोपलेलं पोर दाखवतात, पण पट्टी जागची हलत नाही. मधूनच सीमारेषेजवळ गवतावर एक उभा लोगो दिसतो आणि क्षेत्ररक्षक त्याच्यावरून खुशाल धावत जातो. लोगो त्याच्या पायांवर येत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला कुठवर पोचायचंय ते दाखवणारी ती पिवळी रेघ तर आणखी वरताण. खेळाडू तिच्यावर लोळतात आणि रेघ त्यांच्या अंगाखालीच राहते.

हे तिन्ही एकच तंत्र आहे का? मला आपलं वाटायचं की गवत हिरवं, सिनेमातला पडदाही हिरवा, म्हणजे तसलंच काहीतरी असणार.

विचारण्यामागे स्वार्थ आहे. आमच्या क्लबचे सामने मी ओबीएस या फुकटच्या सॉफ्टवेअरवरून लाइव्ह करतो. पट्टी घरीच बनवली. पण अक्षरांभोवती काळी किनार येते, काजळ घातल्यासारखी. काही केल्या जात नाही.

निळी शाई | शनिवार, रात्री १०:३१

काजळ घातलेली धावसंख्या डोळ्यांसमोर आली आणि हसू आवरेना. उत्तर मला येत नाही, पण वाचतेय.

कट टू टू | शनिवार, रात्री ११:०५

तीन गोष्टी विचारल्यात, तिघांची उत्तरं वेगळी आहेत. त्यातली एक तर ग्राफिक्सच नाही. ती शेवटी सांगते, तोवर डोकं खाजवा.

आधी पट्टी. मी काही वर्षं ओबी व्हॅनमध्ये, म्हणजे मैदानाबाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाडीत, ग्राफिक्सच्या खुर्चीवर बसले आहे, त्यामुळे हे रोजच्या सवयीचं. ग्राफिक्सच्या यंत्रातून एक नाही, दोन चित्रं बाहेर पडतात, दोन वेगळ्या केबलींवरून. एकात रंगीत पट्टी असते, ती फिल. दुसऱ्यात त्याच पट्टीचा नुसता काळा-पांढरा छाप, ती की. स्विचर, म्हणजे व्हिजन मिक्सर, प्रत्येक ठिपक्यापाशी कीला विचारतो, इथे कोण? पांढरं असेल तर पट्टी, काळं असेल तर कॅमेरा, करडं असेल तर दोघांची त्या प्रमाणात मिसळ. अर्धपारदर्शक पट्टीमागून गवत दिसतं ते या करड्यामुळे. हिशेब एका ओळीचा आहे: फिल × की + कॅमेरा × (१ − की).

दोन केबली लागतात कारण एसडीआय, म्हणजे आमच्या नेहमीच्या व्हिडिओ जोडणीच्या, एका केबलवरून साधारणपणे पूर्ण चित्र जातं, पारदर्शकतेची माहिती जात नाही. आता गंमत बघा. या दोन केबलींपैकी एक जरी एका फ्रेमने मागे पडली तर पट्टी स्थिर असेपर्यंत कुणाला काही कळत नाही. पट्टी सरकत आत यायला लागली की रंग पुढे आणि आकार मागे, अशी तिची फरफट होते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी अर्धा तास डिझाइनलाच दोष देत बसले होते. शेवटी इंजिनियरने केबल काढली, एका डबीतून फिरवली आणि पुन्हा लावली, काम झालं.

आता पट्टी हलत का नाही? ती मिक्सरच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर चढते. त्याला डाउनस्ट्रीम कीअर म्हणतात, आमच्या तोंडी नुसतं डीएसके. कॅमेऱ्यांची सगळी कापाकापी त्याच्या आधी उरकलेली असते. डायरेक्टरने दर दोन सेकंदांनी कॅमेरा बदलला तरी पट्टीला त्याचा पत्ता नसतो.

त्याच्याही आधी एक चित्र बाजूला काढून घेतात, ते क्लीन फीड. त्यावर काहीही लिहिलेलं नसतं. एकच सामना पाच भाषांत पाच वेगळ्या पट्ट्यांनिशी दिसतो तो या क्लीन फीडच्या जिवावर.

लेगबाय | शनिवार, रात्री ११:२०

म्हणजे हिरवा पडदा कुठेच नाही? माझा सिद्धांत पाण्यात.

कोनमापक | रविवार, सकाळी ८:४७

पूर्ण नाही, अर्धाच. पट्टी काचेवर चिकटलेली असते, रेघ मैदानावर काढलेली असते. पट्टीला कॅमेरा कुठे बघतोय हे माहीत असण्याची गरज नाही. रेघेला मात्र दर फ्रेमला ते माहीत हवं. तुमचा हिरवा पडदा रेघेच्या बाबतीत खरा आहे.

ती पिवळी रेघ २७ सप्टेंबर १९९८ रोजी ईएसपीएनवर पहिल्यांदा दिसली. स्पोर्टव्हिजन नावाच्या कंपनीने ती बनवली होती. कॅमेऱ्याच्या डोक्यावर संवेदक बसवून तो आडवा किती फिरला, वर-खाली किती झुकला, झूम किती, फोकस कुठे, हे सतत मोजायचं. सामन्याआधी मैदानाची मोजणी करून संगणकात त्याचा नकाशा तयार ठेवायचा. नकाशा सपाट धरून चालत नाही, कारण पाणी वाहून जावं म्हणून ही मैदानं मध्ये किंचित फुगीर असतात. सपाट धरलं तर सरळ रेघ मैदानाच्या पृष्ठभागावर बसत नाही.

आता नाजूकपणा किती ते पाहा. कॅमेरा १०० मीटरवर आहे आणि कोन मोजण्यात ०.१ अंश चूक झाली, तर तेवढ्या अंतरावर ती साधारण १७ सेंटिमीटर होते. झूम पूर्ण आत घेतल्यावर १९२० ठिपक्यांच्या रुंदीत समजा ५ अंशांचाच देखावा मावतोय. म्हणजे एका अंशाला ३८४ ठिपके. ०.०१ अंशाची चूकसुद्धा रेघ चार ठिपके सरकवते, आणि डोळ्याला ती थरथर लगेच दिसते.

वेळेची चूक तर याहून वाईट. कॅमेरा सेकंदाला १० अंश वळतोय आणि कोनाचा आकडा चित्रापेक्षा एकच फ्रेम उशिरा पोचला. ५० फ्रेमच्या हिशेबाने ते फक्त २० मिलिसेकंद, पण तेवढ्यात कॅमेरा ०.२ अंश वळलेला असतो, म्हणजे रेघ ७७ ठिपके भलतीकडे. म्हणून चित्र मुद्दाम काही फ्रेम थांबवून धरतात, गणित आटोपतात आणि मग दोन्ही एकत्र सोडतात. आवाजालाही तेवढाच वेळ थांबवावं लागतं, नाहीतर टोला आधी ऐकू येईल.

राहिला प्रश्न खेळाडूच्या अंगाखालून जाण्याचा. रेघेच्या वाटेवर जो ठिपका गवताच्या रंगाचा आहे तिथेच पिवळा रंग भरायचा, बाकी सोडून द्यायचे. गवताचा रंग म्हणजे एक हिरवा नव्हे. उन्हातला हिरवा, सावलीतला हिरवा, टाचांनी उकरलेली माती, अशी यादीच असते आणि ऊन सरकेल तशी ती कुणीतरी बसून बदलत राहतं. खेळाडूंच्या कपड्यांचे रंग ‘हात लावू नका’ या यादीत. कपडेच गडद हिरवे असले की त्या माणसाची परीक्षा. बर्फ पडला तर मैदानही पांढरं, मग यादी नव्याने.

निळी शाई | रविवार, सकाळी ९:३०

आणि पोहण्याच्या शर्यतीत पाण्यावर विश्वविक्रमाची रेघ पळते ती? मला ती फार आवडते. पोहणारा दमतो, रेघ दमत नाही.

कोनमापक | रविवार, सकाळी ९:५२

तिचीही तीच जात, पण काम सोपं. तलाव सपाट, मापं ठरलेली, मार्गिका दोरांनी आखलेल्या. फक्त रेघेच्या चालीत एक मेख आहे. विक्रमाच्या नोंदीत टप्प्यांच्या वेळा असतात, म्हणजे ५० मीटरला किती, १०० ला किती. मधल्या प्रत्येक क्षणी तो विक्रमवीर नेमका कुठे होता हे त्या आकड्यांत नसतं, ते अंदाजाने भरावं लागतं. त्यामुळे भिंतीजवळ रेघेवर विश्वास ठेवा, मध्यावर तिच्याशी भांडू नका.

जुनाट टीव्ही | रविवार, सकाळी ११:१५

एवढं सगळं करून मिळवलं काय? पडद्यावर आता खेळ कमी आणि आकडे जास्त. पूर्वी धावसंख्या षटक संपल्यावर दाखवायचे, आम्हाला काही कमी पडलं नाही.

माहितीसाठी: धावफलक कायम कोपऱ्यात ठेवायची टूम १९९२ साली स्काय स्पोर्ट्सने इंग्लिश प्रीमियर लीगच्या सामन्यांत काढली. डेव्हिड हिल हे त्यामागचे गृहस्थ. तेच पुढे अमेरिकेत फॉक्सला गेले आणि १९९४ मध्ये तिथल्या फुटबॉलवरही पेटी चढवली. तिथून कुणाला आवरलं नाही. १९९६ मध्ये याच फॉक्सने आइस हॉकीच्या चकतीत बॅटरी आणि अवरक्त दिवे भरले, म्हणजे पडद्यावर चकतीभोवती निळा उजेड दिसेल. ताशी ७० मैलांच्या वर मारली की मागे लाल शेपूट! हॉकीचे जुने प्रेक्षक इतके वैतागले की आजही नाव काढलं की तोंड वाकडं करतात. १९९८ पर्यंत ते प्रकरण आटोपलं.

कट टू टू | रविवार, दुपारी १२:०२

शेपटीबद्दल तुमच्याशी सहमत. कोपऱ्यातल्या पट्टीबद्दल मुळीच नाही. मधेच टीव्ही लावणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ‘किती झाले?’ हाच असतो, आणि षटक संपेपर्यंत त्याने थांबायचं का? आता पट्टी वाढत वाढत अर्धा पडदा खाते हे खरं. ते दुखणं यंत्राचं नाही, कुणालाही ‘नाही’ न म्हणता येणाऱ्या बैठकीचं आहे.

रीप्ले चालू असताना पट्टी किंवा घड्याळ काढतात हे पाहिलंय का? जुन्या चित्रावर आत्ताची वेळ दिसली तर प्रेक्षक गोंधळतो. पट्टी केव्हा नसावी हे ठरवणंही आमच्याच पदरात.

धावबाद | रविवार, दुपारी १:४०

माझी शंका वेगळी. कधीकधी चेंडू सीमेपार जायच्या आधीच पट्टीत चार धावा वाढतात. तेव्हा संशय येतो, सगळं आधीच ठरलेलं असतं की काय.

कट टू टू | रविवार, दुपारी २:१८

ठरलेलं नसतं हो, चित्रच मागे असतं.

मैदानावर स्कोअरर चेंडूगणिक नोंद करतो, ती माहिती जाळ्यावरून ग्राफिक्सच्या यंत्रात येते आणि साच्यातल्या रिकाम्या जागा भरते. व्हॅन मैदानाबाहेरच उभी असेल तर चित्र आणि आकडा जवळजवळ बरोबरच पोचतात. पण आता बरंच काम दुसऱ्या शहरातल्या केंद्रात बसून होतं. चित्र दाबून, पॅक करून, उलगडून तिथे जायला वेळ घेतं. आकडा म्हणजे दोन-चार अक्षरं, तो सुसाट येतो. म्हणून आकड्यालाही मुद्दाम उशीर लावावा लागतो. तो कमी पडला की तुमच्यासारख्यांना कट दिसतो. कधी स्कोअररच उतावळा असतो, चेंडू रेषेकडे निघाला की बोट बटणावर.

घड्याळाच्या खेळांत आणखी मजा. बास्केटबॉलचं घड्याळ आम्ही चालवत नाही, मैदानावरच्या गुणफलकाच्या नियंत्रकातून तार ओढून घेतो. तार मिळाली नाही तर एक छोटा कॅमेरा फलकावर रोखून ठेवायचा आणि आकडे संगणकाकडून वाचून घ्यायचे. ते आम्ही केलंय. समोर झेंडा घेऊन कुणी उभं राहिलं की घड्याळ आंधळं.

सगळ्यांत जास्त चुका मात्र यंत्राच्या नसतात. एकदा एकाच आडनावाचे दोन गोलंदाज एकाच संघात होते. डायरेक्टरने हेडफोनमध्ये आडनाव पुकारलं, मी पट्टी तयार करून ‘रेडी’ म्हटलं, ‘टेक’ आलं, मी टाकली. पडद्यावर गोलंदाज एक आणि खाली आकडेवारी दुसऱ्याची. सहा सेकंद. तिथल्या निर्मात्यांनी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलणं टाकलं होतं. तेव्हापासून खेळाडूच्या पाठीवरचा क्रमांक वाचल्याशिवाय मी ‘रेडी’ म्हणत नाही.

उकार | रविवार, दुपारी ४:३३

धागा भारी चाललाय. यंत्राचं झालं, आता अक्षरांचं.

धावते आकडे नेहमी समान रुंदीचे लागतात. साध्या टंकात, म्हणजे फॉन्टमध्ये, १ बारीक आणि ४ ऐसपैस असतो. घड्याळात सेकंद बदलले की उरलेले अंक दर वेळी डावी-उजवीकडे धक्के खातात. टंकात समान रुंदीच्या अंकांचा संच असेल तर तोच निवडावा, नसेल तर प्रत्येक अंकाला वेगळी चौकट द्यावी.

देवनागरीचा छळ वेगळाच. पट्टी बहुतेक वेळा रोमन मोठी अक्षरं डोळ्यांपुढे ठेवून आखलेली असते. त्या अक्षरांच्या वर काही नाही, खाली काही नाही. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. त्याच उंचीत ‘कृष्णमूर्ती’ बसवा, एक तर मूर्तीचा रफार छाटला जातो किंवा कृचा पाय. मग कुणीतरी टंक लहान करतं आणि मराठी पट्टी दूरवरून वाचता येत नाही. उपाय एकच, पट्टी आखतानाच देवनागरी नावं घालून बघायची, आणि तीही सगळ्यात उंच आणि सगळ्यात खोल असलेली.

जुन्या यंत्रांना जोडाक्षरं जुळवता येत नसत. पहिली वेलांटी चुकीच्या बाजूला जाऊन बसायची. म्हणून युनिकोडबाहेरचे टंक वापरून नावं हाताने टंकावी लागत. आता यंत्रं शहाणी झालीत. तरी टंकाला भाषा मराठी आहे हे सांगितलं नाही तर ल आणि श हिंदी वळणाचे येतात. कुणी लक्ष देत नाही. मी देतो.

कट टू टू | रविवार, संध्याकाळी ५:१०

उकार, तुमच्यासारखा माणूस व्हॅनमध्ये असता तर माझे निम्मे वाद वाचले असते.

अवांतर: नावाच्या पट्टीला अमेरिकेत कायरन म्हणतात आणि आपल्या बातम्यांच्या खोल्यांत अ‍ॅस्टन. दोन्ही नावं यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची. यंत्रं बदलली, नावं राहिली.

बारीक आडव्या रेघांचं राहिलं. इंटरलेस चित्रात आधी विषम ओळी आणि मग सम ओळी रंगवतात. एकाच ओळीच्या जाडीची आडवी रेघ काढली तर ती एकदा असते, एकदा नसते, म्हणून लुकलुकते. आणि अक्षरं कडेला चिकटवू नका. युरोपीय प्रक्षेपण संघाच्या शिफारशीत चारही बाजूंना ५ टक्के जागा ग्राफिक्सने मोकळी सोडायची आहे, कारण काही टीव्ही कडा कापतात.

धावबाद | रविवार, संध्याकाळी ५:४४

आणि तो सीमारेषेवरचा लोगो? ‘शेवटी सांगते’ म्हणून कालपासून टांगून ठेवलंय.

कट टू टू | रविवार, संध्याकाळी ६:२०

बरं. तो बहुतेक वेळा रंग असतो. खराखुरा, गवतावर मारलेला किंवा चटईवर छापलेला. मुख्य कॅमेरा जिथे बसतो तिथून बघितल्यावर उभा वाटावा असा मुद्दाम ताणून काढलेला. क्षेत्ररक्षकाचे पाय त्याच्यावर पडतात कारण तो खरंच त्याच्यावरून धावतोय. पुढच्या वेळी बाजूच्या कॅमेऱ्यातून दिसला की नीट बघा, लोगो लांबलचक वाकडातिकडा झालेला असेल.

लेगबाय | रविवार, संध्याकाळी ६:२६

!!! दहा वर्षं मी त्याला ग्राफिक्स समजत होतो.

कोनमापक | रविवार, संध्याकाळी ७:०५

पण सगळेच रंगवलेले नसतात, हे लक्षात असू द्या. मैदानाकडेच्या जाहिरातफलकांवर वेगवेगळ्या देशांतल्या प्रेक्षकांना वेगवेगळ्या जाहिराती दिसतात, त्या संगणकाच्या. तिथे गवताचा हिरवा रंग मदतीला नसतो. काही पद्धतींत फलक ओळखायला अवरक्त प्रकाशाची मदत घेतात, आणि फलकासमोर खेळाडू आला की तेवढा भाग सोडून देतात. तारांवर तरंगणाऱ्या कॅमेऱ्यात तर कोनाबरोबर जागाही बदलते. तिथे चित्रातल्याच आखीव रेघा ओळखून कॅमेरा कुठे आहे ते उलट काढता येतं.

फुटबॉलच्या ऑफसाइडचं चलच्चित्र मात्र चित्रावर चढवलेलं नसतंच, ते संपूर्ण नव्याने रेखाटलेलं असतं. २०२२ च्या विश्वचषकात छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ पर्यंत बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता.

निळी शाई | रविवार, संध्याकाळी ७:३०

वाखुसा, म्हणजे वाचनखूण साठवली. पण बिचाऱ्या लेगबायचं काजळ राहिलंच की.

कट टू टू | रविवार, रात्री ८:०१

खरंच. लेगबाय, पट्टी बनवलीत कशी?

लेगबाय | रविवार, रात्री ८:०९

सादरीकरणाच्या सॉफ्टवेअरमध्ये काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. ती खिडकी ओबीएसमध्ये घेतली आणि कलर कीने काळा रंग उडवला.

कट टू टू | रविवार, रात्री ८:२७

तिथेच सापडलात. अक्षराची कड गुळगुळीत दिसावी म्हणून कडेचे ठिपके पांढरा अधिक काळा असे मिसळलेले असतात. पांढरा २५५ धरला तर अर्ध्यावरचा ठिपका १२७ च्या आसपास. कलर की पूर्ण काळा तेवढा उडवते, हा १२७ वाला तिला काळा वाटत नाही, म्हणून तो तसाच राहतो. मागे उन्हातली खेळपट्टी, समजा २००. मग २५५ आणि २०० यांच्या मधोमध १२७ ची रांग, हेच तुमचं काजळ. ढगाळ दिवशी कमी दिसत असेल, बघा आठवून.

व्हॅनमध्ये याचा चुलतभाऊ भेटतो. फिलची कड आधीच कीने गुणून आलेली असते आणि मिक्सर तिला पुन्हा गुणतो. अर्ध्याचा पाव होतो आणि किनार काळवंडते. तिथे मिक्सरमधली एकच खूण बदलली की झालं.

तुम्ही कलर कीचा नाद सोडा. पट्टी साध्या वेबपानात बनवा, पार्श्वभूमी पारदर्शक ठेवा आणि ओबीएसमध्ये ब्राउझर सोर्स म्हणून घ्या. त्यात पारदर्शकता ठिपक्यागणिक सोबत येते, काळा उडवायचा प्रश्नच नाही. आकडे बदलायला दुसरं पान करा, मोबाइलवर उघडता येईल असं. आणखी मोठं हवं असेल तर स्वीडनच्या सार्वजनिक वाहिनीने बनवलेलं कॅस्परसीजी मुक्त आणि फुकट आहे, की आणि फिल दोन्ही बाहेर देतं. पण आधी हे जमवा.

लेगबाय | पुढचा रविवार, रात्री ९:१५

धागा वर आणतोय. काजळ गेलं! उकारांचं ऐकून सगळ्यात खोल नाव घालून बघितलं आणि पट्टी बोटभर उंच केली. अंकही आता धक्के खात नाहीत.

नवी भानगड अशी की पहिल्याच षटकातल्या वाइडची धाव टाकायला विसरलो. कॅमेराही मीच, पट्टीही मीच. पाच षटकं पट्टी एका धावेने मागे. प्रेक्षक सात होते, त्यांतल्या चौघांनी कळवलं.

कट टू टू | पुढचा रविवार, रात्री ९:४०

कॅमेरा आणि पट्टी एकाच माणसाकडे नको. स्कोअररलाच मोबाइल द्या, नाहीतरी तो लिहीतच असतो.

लेगबाय | पुढचा रविवार, रात्री ९:५२

विचारलं त्याला. तयार आहे, पण म्हणतो पट्टी तुम्हीच सांभाळा, मला कॅमेरा द्या.